आत्यानं बघितलेली दोन विद्यापीठं

आमच्या घराण्यातली एकबी पोरगी मी घर बघितल्याबिगर दिली गेली न्हाई. फुशारकी मारायलेय असं वाटंल. मारायलेयच. त्यात काय चोरी हाय का?

मी कडूबाई. माहेर झरीचं, सासर गंगाखेडचं. माहेरात कुण्या पोरीचं जमायला लागलं की भाऊ-पुतण्यांचा पहिला फोन मला येतो. "आक्का, ये बरं, घर बघून ये." पोराची नोकरी, जमीन, शिक्षण ह्ये पुरुषमाणसं बघतात. बघू देत बापडे. घर मी बघते.

माझी एक रीत हाय. मी बैठकीत बसत न्हाई. बैठक काय, चार उशा आन् एक टीव्ही, सगळ्यांकडं सारखीच. चहा आला की "जरा हात धुते" म्हणायचं आन् सरळ मागच्या दारी जायचं. पाणी कुठून यायलंय, भांडी कोण घासायलंय, कुत्रं माणसाला बघून जवळ येतंय का कोपऱ्यात सरकतंय, सगळं तिथं कळतं. मग बघायचं, घरात माणूस टिकतं का. जुना गडी हाय का, थोरली सून हाय का, का सगळे पटापट निघून गेलेत. जिथं माणूस टिकत न्हाई तिथं काहीतरी सडलेलं असतं, ह्ये माझं पक्कं मत. आन् शेवटी त्या घरची सून एकटीला गाठायची. सासू जवळ नसताना. तिला इचारायचं, "बाई, माहेरी कधी गेली व्हतीस?" ती काय बोलती ते सोडा, बोलायच्या आधी किती येळ गप बसती ते बघा. त्यात सगळं आलं.

घर पसंत पडून लग्न झालं की पोरगी सासरच्या वाटेला लावताना तिच्या कानात मी एकच सांगते, "टिकून ऱ्हा, बाई." दुसरं काहीच सांगत न्हाई.

तुमी म्हणाल, ह्या बाईला ही हौस कुठून लागली? तर माझ्या येळी घर बघायला कुणी गेलं न्हाई. नवऱ्याचा मामा माझ्या बापाच्या ओळखीचा निघाला, तेवढ्यावर मला दिली. मी टिकले. पण माझ्या हट्टानं टिकले, त्या घरानं काही मला टिकवलं न्हाई. म्हणून मी जाते बघायला. कुणी बोलावो न बोलावो.

तर औंदा दत्ताचा फोन आला. दत्ता म्हणजे दत्तराव, माझा धाकटा भाऊ. झरीत त्याला सगळे दत्तराव म्हणतात, लेक आबा म्हणती, मी दत्ता म्हणते. म्हणला, "आक्का, भक्तीसाठी घर बघायचंय."

भक्ती त्याची एकुलती एक लेक, आत्ताच बारावी झालेली. मी म्हणलं, "मेल्या, अठरा पुरे न्हाईत तिला! लाज वाटती का?"

"अगं लग्नाचं न्हाई. विद्यापीठ बघायचंय."

आता बोला. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परभणीला आन् तिथून झरीला. भावजय केशरबाई दारातच उभी व्हती. तिनं नुसतं डोळ्यानं सांगितलं की आत बाप-लेकीचं वाजलेलं हाय.

भानगड अशी व्हती. भक्तीनं ती देशभराची परीक्षा दिलती आन् मार्क चांगले पडले व्हते. तिला शिकायचं व्हतं भूगर्भशास्त्र. म्हणजे जमिनीच्या पोटात काय असतं त्याचं शिक्षण. दगड, माती, पाणी.

मी म्हणलं, "त्यासाठी शिकायला कशाला पाहिजे गं? आपला पाणाडी तळहातावर नारळ घेऊन फिरतो, नारळ उभा राह्यला की तिथं पाणी."

"आत्या, नारळ उभा राह्यला म्हणून आबांनी खालच्या रानात बोअर घेतला. काय निघालं? फुफाटा. आन् त्याच्याच बाजूला बांधापलीकडं सूर्यभानकाकाच्या बोअरला धो धो पाणी. मला त्याचं उत्तर पाहिजे. पाणाड्याला इचारलं तर म्हणतो, तुमचं नशीब. नशीब न्हाई आत्या, खाली काहीतरी हाय. ते मला बघायचंय."

पोरगी बोलताना माझ्याकडं सरळ बघत व्हती. आमच्या घराण्याचं नाक हाय तिला, आन् माझी जबान. मला बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं न्हाई.

ह्ये शिक्षण देणारं एक सरकारी विद्यापीठ तिनं शोधून ठेवलं व्हतं, हैदराबादच्या बाजूला. आन् दत्ताच्या मनात व्हतं पुण्याकडचं एक खाजगी. त्याचा दोस्त व्यंकटराव, परभणीतला खताचा दुकानदार, त्यानं डोक्यात भरवलं व्हतं. त्याचा पुतण्या तिथं शिकला म्हणे. एसी वर्ग, पोरींना घ्यायला-सोडायला बस, दारात बंदूकवाला पहारेकरी. दत्तानं व्यंकटरावाला जवळपास शब्दच देऊन टाकला व्हता.

भक्ती म्हणली, "दोन्हीकडं अर्ज भरते. आणिक दोन-तीन ठिकाणी बी भरते. जिथं चांगलं लागंल तिथं जाते. सगळे असंच करतात."

आन् इथं मी तोंड घातलं. "सगळे करत असतील. आपल्यात एका पोरीची दोन घरी बोलणी लावत न्हाईत. एकाला हो म्हणायचं आन् दुसऱ्याचा चहा प्यायचा, ह्ये शोभतं का? नाव जातं."

"आत्या, ह्ये लग्न न्हाई!"

"सारखंच हाय. पोरगी परक्या दारात जायची म्हणल्यावर सारखंच हाय."

दत्ताला तेवढंच पाहिजे व्हतं. त्यानं मांडीवर थाप मारली. "आक्का बोलली ते बोलली. आक्का दोन्ही ठिकाणं बघून येईल, ती म्हणंल तिथं अर्ज. एकच." आन् अर्ज त्याच्याबिगर भरणारबी नव्हता, कारण नंबर त्याच्या मोबाईलचा दिलेला, ओटीपी त्याच्याच खिशात वाजायचा.

भक्ती रडली न्हाई, चिडली न्हाई. म्हणली, "चालंल. पण आत्या, नीट बघायचं. लग्नाचं घर बघतीस तसं, पुरं बघायचं."

"मला शिकवतीस व्हय गं?" मी म्हणलं. आमी दोघी निघालो.

आधी पुण्याकडचं. काय सांगू तुमाला! स्टेशनावर गाडी घ्यायला आलेली. आत गेलं की गार हवा, फरशी अशी की मी चप्पल हातात घेतली. लगेच एक पोरगी आली, कोट घातलेली, ओठाला लाली, हातात फुलं. "वेलकम मॅम." मी म्हणलं, "मॅम कोण? कुणाची गं तू?" तर लाजली आन् म्हणली, "गंगाखेडची हाय मी, आत्या. निकिता नाव. कारखान्याच्या रस्त्याला घर हाय आमचं." आता एवढ्या परक्या मुलखात आपल्या गावचं माणूस भेटल्यावर माणसाचं काय होतं? मी तिच्या तोंडावरून हातच फिरवला.

निकितानं सगळं दाखवलं. वसतिगृहात दर पोरीला वेगळी खोली, नळाला चोवीस तास पाणी, सैपाकघरात भांडी घासायला मशीन. मी मागच्या दारीबी गेले, मागचं दारबी चकचकीत. तिचा साहेब सगळीकडं आमच्या संगं व्हता, हसतमुख माणूस. मी निकिताला इचारलं, "कधीपासून हायस इथं?" ती म्हणली, "शिकले इथंच आत्या, आन् इथंच ऑफिसात लागले." साहेब म्हणला, "आमची मुलं आम्हाला सोडून जातच नाहीत, मावशी. हा ग्रंथालयातला मुलगा आमचाच, वसतिगृहाचे दोघे आमचेच. हे एक कुटुंब आहे."

माझं मन भरलं. माणूस टिकलेलं घर! व्यंकटरावाचा पुतण्याबी तिथंच, जाहिरातीच्या विभागात टाय लावून बसलेला.

भक्तीनं एवढंच इचारलं, "दगडांची प्रयोगशाळा कुठं हाय?" साहेब म्हणला, ती तयार होत आहे, आणि अभ्यासक्रमाचं नाव त्यांनी भूविज्ञान व पर्यावरण व्यवस्थापन असं ठेवलंय. भक्तीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, नव्या घरात एखादी खोली बांधायची राहतीच की.

मग हैदराबादचं. तिथं स्टेशनावर कुणी न्हाई, गेटावर कुणी न्हाई. पहारेकऱ्यानं हात लांब करून दाखवलं, "सीधा जाओ अम्मा." आन् ते सीधा संपता संपंना. दोन्ही बाजूला मोठमोठे खडक, एकावर एक रचल्यासारखे, आन् मधी झाडी. भक्तीला चालायची घाई न्हाई, दर दगडापाशी थांबायली. मी घामानं भिजले. "अगं पोरी, दगड बघायला आलो व्हय आपण?" तर म्हणती, "व्हय आत्या, तेच तर बघायला आलोय."

इमारत जुनी. भिंतीचा रंग उडालेला, पंखा कुरकुर करायलेला. पण आत कपाटंच्या कपाटं दगडांची, दर दगडाला चिठ्ठी लावलेली. तिथं एक पोरगी बसली व्हती, उन्हानं करपलेली, बुटाला चिखल, पिशवीतून हातोड्याचा दांडा बाहेर आलेला. भक्ती मराठीत माझ्याशी बोलली आन् ती पोरगी उडालीच. "परभणीच्या का तुमी? मी देवगाव फाट्याची! संघप्रिया." तिचे वडील शाळेत मास्तर. शेवटचं वर्ष चालू व्हतं तिचं.

तिनं भक्तीच्या हातात एक काळा दगड ठेवला, आपल्या रानात असतो तसलाच. "फोड," म्हणली, आन् हातोडा दिला. भक्तीनं दोन-तीन घाव घातले. दगड उकलला, आन् पोटात पांढरंशुभ्र, चमचम करणारं काहीतरी. "आपल्याकडच्या दगडाच्या पोटात असं असतं," संघप्रिया म्हणली. "आन् कुठला काळा दगड पाणी धरतो, कुठला न्हाई, ते तिसऱ्या वर्षी शिकवतात. मी सेलूकडच्या विहिरींवरच काम केलंय." भक्तीचं तोंड मी जन्मापासून बघितलंय, पण त्या दिवशी जसं व्हतं तसं कधी बघितलं न्हाई.

मी संघप्रियाला म्हणलं, "चला, आपलं एक माणूस तरी हाय इथं. हिच्यावर लक्ष ठेव."

"मी कुठली आत्या! पुढच्या महिन्यात चालले धनबादला, पुढचं शिकायला."

"आन् मग हिच्या सोबतीला कोण?"

"दगड," असं म्हणून ती खळाळून हसली. मला काही हसू आलं न्हाई.

मी आपली रीतीप्रमाणं मागच्या दारी गेले. तिथं खाणावळ. एक बाई तांदूळ निवडायली, रझिया बी. माझा बाप निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला, त्यामुळं दखनी मला परकी न्हाई. मी इचारलं, "बी, बच्चे टिकते क्या इधर?"

"कां के टिकते अम्मा! पढ़े के चले. एक बी नै रुकता."

"वापस तो आते होंगे?"

"कायकू आते? कोई विलायत, कोई दिल्ली. कबी फोन करते, बी तुमारे खट्टे सालन की याद आती बोल के. बस."

मी पाणी पिलं, पाणी गोड व्हतं. पण मनात म्हणलं, जिथं एकबी माणूस मागं राहत न्हाई, तिथं माझी पोरगी कशी ठेवू?

झरीला आल्यावर ओसरीवर सगळे बसले. दत्तानं इचारलं, "बोल आक्का." मी सांगून टाकलं, "पुण्याकडचं. घर भरलेलं हाय, माणसं टिकलेली हायत, गंगाखेडची पोरगी हाय सोबतीला. हैदराबादला नुसती वाऱ्यावरची वरात. आले आन् गेले." दत्तानं लगेच व्यंकटरावाला फोन लावला आन् मोठ्यानं हसत हसत बोलायला लागला. सोमवार अर्जाचा शेवटचा दिवस व्हता, आन् ह्यो शनिवार.

केशरबाई आत निघून गेली. भक्ती तिथंच बसून राह्यली. हातात तो फोडलेला दगड, संघप्रियानं दिलेला. मला वाटलं आता ही भांडणार. पण ती म्हणली, "आत्या, तू रीत पुरी केली न्हाईस."

"काय?"

"सुनेला एकटीला गाठायचं असतं ना? तू निकिताला एकटीला गाठलंस का? तिचा साहेब सगळा येळ खांद्याशी उभा व्हता. तिथं शिकलेली सगळी पोरं तिथंच फुलं वाटायलीत, माहिती सांगायलीत. एकालाबी बाहेर कुणी घेतलं न्हाई का? मला म्हाईत न्हाई. पण तूबी इचारलं न्हाईस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढीशी पोरगी, मला रीत शिकवायली! "जास्त बोलू नको," मी म्हणलं. आन् उठून मागच्या दारी हौदापाशी गेले. राग कशाचा आला व्हता सांगू? ती बरोबर बोलली ह्याचा.

रविवारी दुपारी निकिताचाच फोन आला. "आत्या, अर्ज कधी भरताय भक्तीचा? साहेब इचारायलेत." मी म्हणलं, "साहेब जवळ हाय का?" म्हणली, न्हाई, जेवायला गेलेत. मग मी नेहमीचं इचारलं.

"निकिता, माहेरी कधी गेली व्हतीस गं?"

ती गप. मी मोजत न्हाई, पण लय येळ गप. मग म्हणली, "दिवाळीला जाणार व्हते, सुट्टी न्हाई मिळाली. एवढ्या पोरी आणल्या तरच सुट्टी, असं हाय आत्या इथं."

"दुसरीकडं नोकरी न्हाई का बघितलीस?"

"बघितली. लय बघितली. मुलाखतीला जायचे, कागद बघून म्हणायचे, ह्यात तुमी केलं काय? मला सांगताच येईना. आमच्या वर्गातले निम्मे घरी बसलेत, निम्मे इथं." मग तिनं आवाज बारीक केला. "आत्या, गावच्या आहात म्हणून बोलले. कुणाला सांगू नका."

"न्हाई सांगत बाई," मी म्हणलं. "आन् दिवाळीला घरी ये. सुट्टी देवो न देवो."

फोन ठेवला आन् हौदाच्या काठावर बसले. मला त्या पोरीचं लय वाईट वाटलं. त्या घरानं तिला टिकवलं नव्हतं, ती अडकली व्हती. ह्यातला फरक मला कळू नये? मला, गंगाखेडात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला?

आन् मग रझिया बी आठवली. पढ़े के चले. संघप्रिया आठवली, बुटाला चिखल लावून धनबादला निघालेली. अगं कडूबाई, म्हणलं, पोरगी नांदायला जायलीय का? शिकायला जायलीय. नांदायच्या घरात माणूस टिकावं लागतं. शिकायच्या घरातून ते उडून गेलं पाहिजे, आन् एकबी मागं राह्यलं न्हाई म्हणजे ते घर लाखात एक. बघायला काही चुकले नव्हते मी. सगळं बरोबर बघितलं व्हतं. फक्त ते मापलं चुकीच्या मापानं.

आता दत्ताला सांगायचं कसं? निकिताला शब्द दिलेला, तिचं नाव घेता येईना. आजवर मी एकदा दिलेलं मत फिरवलेलं न्हाई. भाऊबंदात माझं जे काही वजन हाय ते त्याच्यावर हाय. मी पदर खोचला आन् ओसरीवर गेले.

"दत्ता, हैदराबादला भर अर्ज."

तो पेपर वाचत व्हता. पेपर खाली ठेवला. "काय म्हणलीस?"

"बहिरा झालास का? हैदराबाद."

"आक्का, काल तूच म्हणलीस, तिथं माणूस टिकत न्हाई."

"न्हाईच टिकत. म्हणून तर तिथं पाठवायची."

"आन् पुण्याकडचं? गाडी, बस, पहारेकरी?"

"पहारेकरी काय शिकवणार हाय का तिला? अरे, तिथं शिकलेलं पोरगं तिथल्याच दारात उभं राहून दुसऱ्या पोरांना आत बोलवायलंय. आपली पोरगी दारात उभी करायचीय का तुला?"

दत्ता लाल झाला. "मी व्यंकटरावाला शब्द दिलाय. लोक काय म्हणतील? आक्का, तू आजवर कधी शब्द फिरवला न्हाईस."

"आज फिरवला. व्यंकटरावाला सांग, कडूबाईचं डोकं फिरलंय. तो बिचारा लगेच इश्वास ठेवंल." मी त्याच्यासमोर खाली बसले. "दत्ता, ऐक. मी तुला कधी खोट्या घरात पोरगी देऊ दिली का? ज्या घरी न्हाई म्हणलं ते घर पुढं कसं निघालं, तूच बघितलंस. मग आज माझ्यावर एवढा भरवसा ठेव. कारण इचारू नको. आन् आणिक एक. ते दोन घरच्या बोलणीचं मीच बोलले व्हते ना? ते लग्नाचं. पोरीला जिथं जिथं भरायचंय तिथं भरू दे, चार ठिकाणी, पाच ठिकाणी. जबाब द्यायची येळ आली तर मी देईन."

दत्तानं पेपर परत उचलला. भक्ती कधीची दाराशी येऊन बसलेली. तेवढ्यात केशरबाई आतून आली. आजवर ह्या सगळ्यात तिला कुणी एक शब्द इचारला नव्हता, मीसुद्धा न्हाई. तिनं नवऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला, सरळ खिशातून, आन् लेकीच्या हातात दिला. म्हणली, "भर गं. ओटीपी आला की मला दाखव." आन् दत्ताकडं बघून म्हणली, "चहा टाकू का?"

दत्तानं बायकोकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. मग म्हणला, "टाक. साखर कमी."

भक्तीनं तिथंच बसून अर्ज भरला. पहिलं हैदराबाद, आन् मागं आणिक तीन, जिथं जिथं दगडं शिकवतात तिथले. मी तिच्या खांद्यावरून बघत व्हते, मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी बघत व्हते. ती म्हणली, "आत्या, अचानक कसं काय गं?" मी म्हणलं, "रीत पुरी केली. तूच म्हणलीस ना?" तिनं पुढं काही इचारलं न्हाई. शहाणी हाय पोरगी.

पहिल्या यादीत तिचं नाव आलं न्हाई. व्यंकटरावानं दुकानात चार माणसांसमोर दत्ताला टोमणा मारला म्हणे. दत्ता घरी येऊन माझ्यावर फोनवर खेकसला. मी म्हणलं, "येईल रे, तूर पेरली की दुसऱ्या दिवशी शेंगा तोडतोस का?" आतून माझी झोप उडाली व्हती, पण ते त्याला कशाला सांगू? भक्ती मात्र बिनघोर. "मार्क बघितलेत मी मागच्या सालाचे आत्या, दुसऱ्या यादीत लागतंय." आन् दुसऱ्या यादीत लागलं! दत्तानं झरीभर पेढे वाटले, पहिला पुडा व्यंकटरावाच्या दुकानात, स्वतः जाऊन.

पोरगी निघायच्या दिवशी परभणीच्या स्टेशनावर अर्धी गल्ली आलेली. केशरबाईनं तिची ओटी भरली. शेजारच्या सुमनबाईनं तिच्या गालावरून बोटं मोडली आन् म्हणली, "नीट ऱ्हा गं बाय. तिथलीच हो आता."

मी ओरडलेच, "तिथलीच काय म्हणून होईल?" सुमनबाई दचकली बिचारी.

गाडी आली. दत्तानं सामान चढवलं आन् तोंड फिरवून उभा राह्यला, रडताना दिसू नये म्हणून. भक्ती दारात उभी. मी नेहमीसारखं तिचं डोकं जवळ ओढलं, कानाशी तोंड नेलं. आमच्या सगळ्या पोरींना म्हाईत हाय मी काय सांगते, तिलाबी म्हाईत. ती आधीच हसायला लागली. "सांग आत्या, टिकून ऱ्हा ना?"

"टिकू नको," मी म्हणलं.

ती मागं सरून माझ्याकडं बघायला लागली.

"शिक आन् निघ तिथून. पुढं जा, आणिक पुढं जा. मागं राहू नको बाई." मी तिचं डोकं परत जवळ ओढलं. "मी टिकले तेवढं आपल्या घराण्याला पुरं हाय."